फाटकावरची तार

माझ्या वडिलांची बोटं कधी स्वस्थ बसत नाहीत. ताटाची कड, सोफ्याचा हात, गाडीच्या दाराची आतली बाजू, जे हाताशी येईल त्यावर त्यांची टकटक चालू असते. ते तारखात्यात होते. आधी कऱ्हाडला, मग सांगलीला, शेवटी पुण्याला, उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या कट्ट-कडकट्ट करणाऱ्या यंत्रापुढे घालवली. पुढे टेलिप्रिंटर आले, संगणक आले आणि एक दिवस सरकारनं तारच बंद केली, पण बोटांना ते कुणी कळवलंच नाही. आई म्हणायची, "ह्यांच्याशी भांडण झालं की तोंड बंद आणि बोटं सुरू. काय शिव्या देतात ते मला कळत नाही, एवढंच बरं आहे."

आई गेल्या वर्षी गेली. नातेवाइकांना फोन मी केले, शेजाऱ्यांना मी सांगितलं, बँकेत मी सांगितलं. बाबा त्याबद्दल कुणाशी एक वाक्य बोलले नाहीत. ज्या माणसानं नोकरीत अर्ध्या जिल्ह्याला मृत्यूच्या बातम्या पोचवल्या, त्याला स्वतःच्या घरची बातमी तोंडातून काढता येईना. मग थंडीच्या सुरुवातीला ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये, बाथरूममध्ये घसरले. दुधाची पिशवी दारावर तशीच लटकलेली दिसली म्हणून शेजारच्या काकूंना कळलं. मी रजा टाकून गेले आणि त्यांना उचलून अबुधाबीला घेऊन आले. उचलून हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण स्वतःच्या पायांनी यायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

आम्ही खलिफा सिटीत राहतो. पुढे घरमालकांचा व्हिला, मागे आमचं भाड्याचं घर, मध्ये एक भिंत आणि भिंतीत लोखंडी फाटक. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो, एक महिना तिकडे आणि एक महिना इकडे. मी मुसाफ्यातल्या एका कंत्राटदार कंपनीत खरेदीचं खातं बघते, म्हणजे दिवसभर फोनवर "यल्ला हबीबी, मटेरियल किधर है" असं ओरडत असते. मुलगी अकरावीत आहे. सकाळी आम्ही दोघी बाहेर पडलो की बाबा, एसी आणि टीव्हीवरच्या मराठी बातम्या एवढेच घरात उरत.

एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट त्यांनी येतानाच काढायला लावलं होतं. "मी इथं पार्सल आहे," ते म्हणायचे. "पत्त्यावर कुणी घेणारं सापडलं नाही की पार्सल परत जातं." मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ते पुन्हा घसरले तर काय, ह्या विचारानं माझी झोप उडालेली. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. पासपोर्ट माझ्या कपाटात नेऊन ठेवला, तर त्यांनी तो शोधून काढला आणि एक अक्षर न बोलता आपल्या उशाखाली ठेवला. मुलगी म्हणाली, "मॉम, ही हॅज नोबडी टू टॉक टू हिअर. ही'ज नॉट बीइंग डिफिकल्ट." तिचं बरोबर होतं, म्हणूनच मी तिच्यावरही खेकसले.

रमजानच्या आधी मालकांच्या घरी नातू झाला. मालक माझ्यापेक्षा थोडेच मोठे, पण इथे लग्नं लवकर होतात. त्यांची आई ऐंशीच्या पुढची. हजला जाऊन आलेली म्हणून तिला सगळे हज्जा म्हणतात, मीही म्हणते. डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात, डोळे मात्र मिश्कील, आणि हिंदी माझ्या नवऱ्यापेक्षा बरं. आम्हाला बाळ बघायला बोलावणं आलं तेव्हा मी बाबांना जबरदस्तीनं शर्ट बदलायला लावून सोबत नेलं.

पुढच्या बैठकीत उदाचा वास भरलेला, समोर खजूर आणि छोट्या कपांतली कडू कॉफी. पाळणा आणला गेला. हज्जा सुनेच्या हाताचा आधार घेत आली, पाळण्याशी वाकली आणि तिनं पाळण्याच्या लाकडी कडेवर ठोकायला सुरुवात केली. बोटाच्या पेरानं हलके ठोके, मध्ये मध्ये तळहातानं एक जड थाप. घरातले सगळे गप्प, दोन-तीन जणांनी हात पुढे धरलेले. मला वाटलं, काहीतरी आशीर्वाद असावा.

माझ्या शेजारी बाबा ताठ बसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही बाई तार पाठवतेय."

"बाबा, हळू. त्यांची दुआ चाललीय."

"दुआ नाही. मोर्स आहे. पेर म्हणजे डॉट, तळहात म्हणजे डॅश. हात कच्चा आहे, पण मोर्स आहे."

आणि त्यांच्या नकळत त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर तेच ठोके परत करू लागली, तिच्यापेक्षा कितीतरी पटीनं सफाईदार. हज्जानं मान वर केली. बैठकीतले सगळे आमच्याकडे बघायला लागले आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ये तुमको किसने सिखाया?" तिनं विचारलं.

"सरकारने," बाबा म्हणाले.

मग तिनं सांगितलं. हे ठोके तिच्या वडिलांचे. तिच्या लहानपणी ते रोज संध्याकाळी घरी आले की दारावर असेच ठोकायचे. ही त्यांची दुआ. त्यांच्या माघारी घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पाळण्यावर हज्जा ती ठोकत आली होती, आणि आता तिच्या मुली आपापल्या घरी ठोकतात. दुबईत, अल ऐनमध्ये, जिथे जिथे घरातलं मूल जन्मतं तिथे. अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. वडिलांना विचारायचं तिच्या मनात यायच्या आत ते गेले.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय होतं ते?"

"एकदा ऐकून सांगायचं नसतं," बाबा म्हणाले. "तार ताडून घ्यावी लागते."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर मधलं फाटक उघडं. फाटकाच्या अलीकडे आमची घडीची खुर्ची आणि तीवर बाबा. पलीकडे मालकांची नक्षीची खुर्ची आणि तीवर हज्जा. मध्ये स्टुलावर थर्मास. मग तो रोजचा कार्यक्रमच झाला. रमजान लागला तेव्हा थर्मास गेला, पण खुर्च्या राहिल्या. ऊन कलल्यावर बसायचं आणि अजान व्हायच्या आत हज्जा इफ्तारला उठायची. बाबा तिला बाईसाहेब म्हणायचे, ती त्यांना मास्टर म्हणायची. मी इफ्तारसाठी काहीतरी करून घेऊन जायची आणि पायरीवर बसून ऐकायची.

हज्जाचे वडील पलीकडच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे पर्शियाच्या. तेव्हा तिकडे समुद्राच्या कडेकडेनं हिंदुस्थानातून विलायतेला जाणारी तार होती. आम्ही शाळेत इंग्रजांचं राज्य शिकलो ते व्हाइसरॉय आणि रेल्वेपुरतं. ह्या आखातावरही आपल्याकडूनच कारभार चालायचा, हे मला इथे इतकी वर्षं राहूनही धड माहीत नव्हतं. बाबांना होतं, त्यांच्या खात्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ. तिकडे बुशहर बंदरात मोठा साहेब बसायचा, रेसिडेंट. त्याला हुकूम यायचे ते आधी मुंबई सरकारचे, पुढे हिंदुस्थान सरकारचे. इकडच्या किनाऱ्यावरचे शेख असोत नाहीतर तिकडचे खान, कुणी वाकडं वागलं की साहेब तार करायचा आणि गनबोट यायची. तारघरांच्या पहाऱ्याला आपल्याकडचे शिपाई असत. तार ज्यांच्या मुलखातून जायची त्या टोळीवाल्यांना, तार तोडू नका म्हणून सालाना तनखा बांधून दिलेला असे.

"मेरा बाप वही करता था," हज्जा म्हणाली. "तार का चौकीदार."

तो उंटावरून तारेच्या कडेनं जायचा. कुठे खांब पडलाय का, कुणी तांब्याच्या लोभानं तार कापलीय का, बघत बघत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडे डोंगर, आणि दिवसेंदिवस माणूस दिसायचा नाही. तारघरात परत आला की शिपायांच्यात जेवायचा. हिंदी तो त्यांच्याचकडून शिकला. ते लोक दोन तळहातांत पीठ थापून जाड रोटी करायचे, असं सांगताना हज्जानं हात हवेत फिरवले, तेव्हा मला कळलं, ही तर आपली भाकरी. दुसऱ्या दिवशी मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. इफ्तारनंतर तिनं त्यातली अर्धी मटणाच्या रश्शाबरोबर खाल्ली आणि निरोप पाठवला की बाप म्हणायचा तेवढी काही ही चांगली लागत नाही. इतकं खरं बोलणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं.

मला ह्या सगळ्याचं कौतुक वाटत होतं आणि रागही येत होता, तो मी एका संध्याकाळी बोलून दाखवला. "म्हणजे काय बाबा, साहेबानं दुसऱ्याच्या दारात आपली तार टाकायची, ती राखायला त्याच दारातला माणूस उन्हातान्हात फिरवायचा, वर पहाऱ्याला साताऱ्याकडची पोरं आणून उभी करायची. आणि त्या तारेवरून काय जायचं? तर कुणाच्या गावावर तोफ डागायची त्याचा हुकूम."

मला वाटलं होतं ते खात्याची बाजू घेतील. "ते खरंच आहे," ते म्हणाले. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये त्या लाइनचं फार कौतुक सांगायचे. राखणदाराचं नाव कुणी घेतलं नाही."

पुढे इराणच्या सरकारनं आपला किनारा आपल्या ताब्यात घेतला, साहेबाची ठाणी बंद झाली, शिपाई बोटीत बसून गेले. हज्जाचे वडील बायकोला घेऊन ह्या बाजूला आले. इथे खजुराच्या झावळ्यांच्या घरात ती जन्मली. वडील बंदरावर हमाली करायचे आणि संध्याकाळी आले की झावळ्यांच्या दाराच्या लाकडी चौकटीवर ठोकायचे.

"फिर मैं अंदर से जवाब देती," ती म्हणाली आणि तिनं फाटकाच्या लोखंडावर ठोकून दाखवलं. तळहात, पेर, तळहात. "जवाब नहीं दिया तो अंदर नहीं आता. बाहर खड़ा रहता. मेरी माँ चिल्लाती, खाना ठंडा हो रहा है. वो खड़ा."

बाबांची बोटं थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलंय, हे मला त्याच क्षणी कळलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी मला सांगितलं. हज्जाचे वडील काही तारबाबू नव्हते. त्यांना मोर्स येत नव्हतं, फक्त एवढी तीन वाक्यं येत होती. लाइनवरच्या माणसाकडे एक लहानसं यंत्र असे. आपल्या हद्दीच्या शेवटापर्यंत गेलं की ते तारेला लावायचं आणि तारघराला कळवायचं. आधी आपल्या चौकीची खूण, मग 'लाइन ठीक', मग 'आहात का?' पलीकडून 'ऐकतोय, पाठवा' असं उत्तर आलं की यंत्र काढायचं. उत्तर येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, हा नियम. आमच्या वेळेपर्यंत होता, ते म्हणाले.

म्हणजे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं एका घरातल्या प्रत्येक बाळाच्या पाळण्यावर साहेबाच्या तारखात्याचा लाइन-रिपोर्ट वाजवला जात होता. मला हसू आलं, मग हज्जा आठवली. "बाबा, हे त्यांना सांगू नका."

"विचारलं तर?"

"विचारणार नाहीत."

पण ईदनंतर थोड्याच दिवसांत हज्जाला धाप लागायला लागली. हृदयाची झडप बदलावी लागणार, डॉक्टर म्हणाले. ह्या वयात काही खात्री देता येत नाही, हेही म्हणाले. मालक मला फाटकाशी भेटले तर त्यांचा चेहरा उतरलेला. "इन्शाल्ला खैर, सिस्टर," म्हणाले, "अंकल को बोलो दुआ करे." आणि हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी हज्जानं बाबांना निरोप पाठवला. संध्याकाळी या. उद्या काय होईल कुणी सांगावं, मास्टरनं आता तरी त्या दुआचा अर्थ सांगावा.

आमचं दुपारी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "सांगा ना, अल्ला तुझं रक्षण करो असं काहीतरी. कुणाचं काय बिघडतंय? म्हातारी उद्या ऑपरेशनला चाललीय. इतक्या वर्षांची तिची श्रद्धा, आणि तुम्ही तिला लाइन-रिपोर्ट सांगणार?"

"मी आयुष्यात तारेतला शब्द बदललेला नाही."

"ही तार नाही बाबा. हे माणूस आहे."

"तारा माणसांनाच यायच्या," ते म्हणाले.

मग मला एक गोष्ट आठवली. सांगलीला आमच्याच गल्लीत एक बाई राहायच्या, त्यांचे यजमान सैन्यात. एका सकाळी बाबा ड्युटीच्या मध्येच सायकलवरून गल्लीत आले. तार वाटायला पोरं होती, ते त्यांचं काम नव्हतं. त्या बाईंच्या दारात ते उभे राहिले, तार हातात दिली, आणि संध्याकाळी त्यांचा भाऊ गावाहून येईपर्यंत त्या घराच्या पायरीवरून हलले नाहीत. त्यांनी शब्द बदलला नव्हता, पण तो पोचवून ते निघूनही गेले नव्हते. मी म्हटलं, चला, मी येते बरोबर.

हज्जा खुर्चीत उशीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झालेला. मालक मागे उभे होते. बाबांनी खुर्ची फाटकाच्या पार आत नेली, तिच्यासमोर बसले आणि त्यांच्या त्या कऱ्हाडी हिंदीत सरळ सांगायला लागले.

"बाईसाहेब, ये दुआ नहीं है. ड्युटी का मेसेज है. आपके पिताजी जंगल में अकेले घूमते थे. लाइन के आख़िर में जाके तारघर को बोलते थे, मैं फलाना चौकी से बोल रहा हूँ. लाइन ठीक है. आप हैं क्या? बस, इतना ही है."

मालकांनी मान खाली घातली. मी हज्जाकडे बघायचं टाळलं.

"और मेरा जवाब?" तिनं विचारलं.

"तळहात, पेर, तळहात," बाबा आधी मराठीतच म्हणाले, मग सावरून म्हणाले, "उसका मतलब, हाँ, मैं सुन रही हूँ. भेजो."

मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली, खांदे हलेपर्यंत. "रोज पूछता था," ती मुलाकडे वळून म्हणाली, मग अरबीत तेच सांगितलं, मग पुन्हा आमच्यासाठी हिंदीत. "दुआ तो सब बाप देते हैं, मास्टर. मेरा बाप रोज पूछता था, तू है क्या. और मैं बोलती थी, हूँ. बाद में ही अंदर आता था."

मालकांनी पुढे येऊन बाबांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. इथे मोठ्या माणसाला मान देण्याची तशी रीत आहे. पण बाबांना कुणी तसं केल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे, ते इतके गोंधळले की चप्पल तिथेच विसरून अनवाणी घरी आले.

ऑपरेशन झालं. पार पडलं असं कळलं, पण हज्जा अतिदक्षता विभागातच होती. मग कळलं, घरी आणलंय पण बोलत नाही, खात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. डॉक्टर म्हणत होते की ह्या वयात असं होतं कधीकधी, वेळ द्या. बाबा रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन फाटकाशी बसायचे. फाटक बंद असायचं. हज्जाच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे. ते काठीच्या मुठीनं लोखंडावर ठोकायचे, हलके हलके, मध्ये तळहाताची थाप. चौकीची खूण, लाइन ठीक, आहात का? मग थांबायचे. पुन्हा ठोकायचे.

एप्रिलची अखेर आली. ऊन असं की भिंतीला हात लावला तर भाजावा. त्यांच्या विमानाला थोडेच दिवस राहिलेले, बॅग अर्धी भरून पलंगाखाली. मी फाटकाशी जाऊन म्हणायची, "बाबा, आत चला. चक्कर येईल. उद्या ठोका."

"उत्तर आलं नाही," ते म्हणायचे, आणि अजान होऊन अंधार पडायला लागला की माझ्या आग्रहापेक्षा स्वतःच्या गुडघ्यांना कंटाळून उठायचे. एरवी मी चिडले असते. ह्या वेळी मी टेबलफॅनला लांब वायर जोडली आणि तो बाहेर आणून त्यांच्या पायाशी ठेवला. मुलगीही पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसायला लागली. एकदा तिनं विचारलं, "आजोबा, व्हॉट इफ शी नेव्हर आन्सर्स?" ते म्हणाले, "मग उद्या परत विचारायचं. लाइन तुटली असं आपण आपलं ठरवायचं नसतं."

प्रवासाला दोन दिवस उरले असताना एका संध्याकाळी मी गाडी लावत होते. ठोके ऐकू येत होते, आता माझ्याही पाठ झाले होते. ते संपले. मी गाडीचं दार लावलं, आणि फाटकाच्या पलीकडून, अगदी जवळून, लोखंडावर आवाज आला. जड, हलका, जड. मग थांबून पुन्हा एकदा.

फाटक आतून उघडलं. चाकांच्या खुर्चीत हज्जा होती, शाल पांघरलेली, हात अजून फाटकावरच. मालक खुर्ची धरून उभे, रडत होते. ती बाबांकडे बघत राहिली, उत्तर दिलंय, आता पुढचं तुमचं, अशा नजरेनं.

बाबा उठले. मला वाटलं, नमस्कार करून तब्येत विचारतील. त्यांनी काठी बाजूला ठेवली, बोटांची पेरं फाटकावर टेकवली आणि ठोकायला लागले. हे नेहमीचे ठोके नव्हते. हे लांब होतं, भरभर होतं, थांबत नव्हतं. हात कुठे अडखळला नाही. एवढी मोठी तार मी त्यांना कधी पाठवताना पाहिलं नव्हतं. हज्जाला त्यातलं एक अक्षर कळणं शक्य नव्हतं, पण तिनं डोळे मिटले नाहीत की मान हलवली नाही, शेवटचा ठोका पडेपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं हात उचलला आणि सावकाश उत्तर दिलं. तळहात, पेर, तळहात.

घरात आल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "काय पाठवलंत एवढं?"

त्यांनी ग्लास संपवला, टेबलावर ठेवला. "तुझी आई गेल्याचं," म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी पलंगाखालची बॅग पायानं बाहेर ओढली, वरचे दोन शर्ट काढून माझ्या हातात दिले.

"हे कपाटात ठेव," म्हणाले, "आणि त्या तिकिटाचं बघ काहीतरी. उद्या संध्याकाळी मला ड्युटी आहे."